कार्टाहेना सोडा, बेटं नीट बघा

«ताई, मी पुण्यात बँकेत नोकरी करते, माहेर गुहागरचं. माझी नणंद ह्यूस्टनला असते. येत्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे जाणार आहे. तिथून दोघींनी पनामाला जायचं आणि शिडाच्या बोटीने सान ब्लास बेटांवरून कोलंबियातल्या कार्टाहेनाला पोचायचं, असं ठरवलंय. पाच दिवस, चार रात्री. विमानाचं तिकीट सोडून माणशी हजार डॉलरच्या वर खर्च जमणार नाही. एक बोट साडेसहाशे डॉलर सांगते, दुसरी चारशे ऐंशी. पण दुसऱ्या बोटवाल्याला सगळे पैसे आधी हवेत. नणंद म्हणते, स्वस्तातली घेऊ, समुद्र तोच आहे. मला पोहता येत नाही. मी शाकाहारी आहे. सासूबाईंना हा सगळाच वेडेपणा वाटतो. आणि माझ्या मनात एक खुपतंय. त्या बेटांवर तिथले मूळचे लोक राहतात. आपण कॅमेरे घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे बरोबर आहे का?
— केतकी»

प्रिय केतकी,

आधी उत्तर देते, मग कारणं. जरूर जा. पण बोटीने कार्टाहेनापर्यंत जाऊ नका. बेटांवर जा, तिथेच राहा, शिडाच्या बोटीत बसायची हौस बेटांच्या आतल्या शांत पाण्यात भागवा आणि पनामा सिटीहून विमानाने परत फिरा. चारशे ऐंशीवाल्या बोटीचा विचार आजच डोक्यातून काढून टाका.

आता कारणं. पहिलं कारण वाऱ्याचं आहे, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

फेब्रुवारी हा पनामातला कोरडा महिना. पाऊस जवळजवळ नाही, आकाश निळं, त्यामुळे फोटोत सगळं सुंदर दिसतं आणि सगळे हाच महिना सुचवतात. पण डिसेंबरपासून मार्चपर्यंत कॅरिबियन समुद्रावर ईशान्येकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. मध्ये अडवायला जमीन नसते, त्यामुळे लाटा लांबून वाढत येतात आणि कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ समुद्र सगळ्यात जास्त खवळलेला असतो. पनामाहून कार्टाहेनाला जायचं म्हणजे पूर्वेकडे, म्हणजे नेमकं त्या वाऱ्याच्या तोंडावर. शीड लावून सरळ जाता येत नाही. बहुतेक बोटी इंजिन चालवत, लाटांवर आपटत जातात. शेवटच्या बेटापासून कार्टाहेना दोनशे सागरी मैलांच्या आतबाहेर आहे. साधी शिडाची बोट ताशी पाच सागरी मैलांनी जाते असं धर, म्हणजे दीड दिवसाच्या वर झाला. समोरून वारा असला की त्याहून जास्त.

म्हणजे तुमच्या «पाच दिवस, चार रात्रीं»पैकी बेटांवरचे दिवस जेमतेम तीन. उरलेला वेळ जमीन न दिसणाऱ्या पाण्यात जातो. त्यात निम्मे प्रवासी आडवे पडलेले असतात. कुणाच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. तू कोकणातली आहेस, उधाणाचा समुद्र तुला ठाऊक आहे. फरक एवढाच, की गुहागरला तो आपण किनाऱ्यावरून बघतो. इथे मध्यरात्री, अंधारात, कलत्या बोटीवर एका हाताने दोर धरून तुला संडासात जायचं असतं, आणि तुला पोहता येत नाही.

लोक हा मार्ग का घेतात, तेही सांगते. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये रस्ताच नाही. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन हायवे फक्त इथे, दारिएनच्या जंगलात, सुमारे शंभर किलोमीटर तुटलेला आहे. त्यामुळे पाठीवर पिशवी घेऊन दक्षिण अमेरिकेत उतरणाऱ्यांसाठी बोट हा पूल झाला आणि त्या पुलाची वाट बेटांवरून जाते. ज्याला महिनोन्महिने खाली कोलंबिया, पेरू असं हिंडायचं आहे, त्याला याचा उपयोग आहे. तुम्हाला दहा दिवसांनी ह्यूस्टनलाच परतायचं आहे. मग दीड दिवस ओकाऱ्या काढून कार्टाहेनाला पोचायचं आणि तिथून विमानाने मागे यायचं, यात तुमच्या पदरात काय पडणार?

तरीही ती सफर करायचीच असेल, तर दिशा उलटी करा. कार्टाहेनाहून पनामाकडे. मग वारा आणि लाटा बोटीच्या मागून येतात, तोच समुद्र बराच सोसवतो. मात्र त्यासाठी कोलंबियाचे प्रवेशाचे नियम आधी बघावे लागतील. पण माझा सल्ला तोच राहील, या वेळी नको.

दुसरं कारण बोटीचं. दोन बोटींमधले एकशे सत्तर डॉलर कुठून वाचतात, याचा नणंदेने जरा विचार करावा. डिझेल दोघांना सारखंच लागतं. बंदराचे पैसे सारखेच. मग वाचवायच्या जागा उरतात त्या अशा: रात्री कप्तानाला झोप मिळावी म्हणून ठेवायचा दुसरा जाणता माणूस, फुगवून पाण्यात सोडायच्या तराफ्याची वेळच्या वेळी तपासणी, इंजिनाची दुरुस्ती, पाच दिवसांचं जेवण, आणि बेटांच्या मालकांना द्यायचा पैसा. यातली कुठलीही जागा तुम्हाला परवडणारी नाही. सगळी रक्कम आधी मागणारा माणूस तर पैशाच्या अडचणीत तरी असतो किंवा त्याला तुमच्या मतपरिवर्तनाची भीती असते. थोडी आगाऊ रक्कम आणि बाकी बोटीवर चढताना, हीच रीत धर.

बेटांच्या आतल्या दोन दिवसांसाठी का होईना, बोट घ्याल तेव्हा कप्तानाला चार प्रश्न विचार. बोटीवर किती माणसं असतील आणि जीवरक्षक जाकिटं किती आहेत? तुझ्याशिवाय बोट चालवता येणारं दुसरं कोण आहे? तराफा आणि संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र शेवटचं कधी तपासलं? आणि गुना काँग्रेसची, म्हणजे बेटांवरच्या मूळच्या लोकांच्या सभेची, या वर्षीची परवानगी आहे का, असेल तर कागदाचा फोटो पाठव. चांगला कप्तान या प्रश्नांनी चिडत नाही. उलट उत्तरं पटापट येतात, कारण त्याने ती रोज स्वतःलाच विचारलेली असतात. अजून एक खूण सांगते. «नांगर कधी उचलणार» असं विचारल्यावर जो तारीख आणि वेळ ठणकावून सांगतो त्याच्यापेक्षा «वारा बघून ठरवू» म्हणणारा बरा. या बेटांभोवती प्रवाळाचे खडक पाण्याच्या वीतभर खाली असतात. सूर्य डोक्यावर असताना ते तपकिरी, पिवळट दिसतात, तिरप्या उन्हात दिसत नाहीत. त्यामुळे जाणता माणूस संध्याकाळनंतर अनोळखी जागी शिरत नाही. तिथल्या खडकांवर मोडून पडलेल्या बोटींचे सांगाडे तुम्हाला दिसतीलच.

आता तुझ्या मनात खुपणाऱ्या प्रश्नाकडे येते. पत्रात तू तो शेवटी लिहिलायस. माझ्या मते सगळी सहल त्यावरच ठरायला हवी.

तिथल्या लोकांना गुना म्हणतात आणि त्यांच्या प्रदेशाला गुना याला. साडेतीनशेच्या वर बेटं, त्यातल्या पन्नासेक बेटांवर वस्ती, आणि समोरचा जंगलाचा किनाराही त्यांचाच. आपल्याकडे अशा ठिकाणांचा विचार करताना अंदमान डोळ्यासमोर येतं. सेल्युलर जेल बघायला गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी जारवा लोकांच्या जंगलातल्या रस्त्यावरून प्रवास केला आहे. तिथे १९५६ चा संरक्षणाचा कायदा आहे, उत्तर सेंटिनेलच्या जवळपास जायलाही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, कारण त्या माणसांनी आपल्याला बोलावलेलं नाही. बाहेरचा साधा ताप त्यांच्या जिवावर बेतू शकतो. गुनांची गोष्ट निराळी. ते शतकानुशतकं दर्यावर्दी, व्यापारी, मिशनरी, सरकारं अशा सगळ्यांशी व्यवहार करत आले आहेत. त्यांच्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, पनामाच्या संसदेत त्यांचे प्रतिनिधी आहेत, हातात मोबाइल आहेत. तुम्ही यायचं की नाही, आलात तर कुठे उतरायचं, काय करायचं नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलेलं आहे. तुम्ही त्यांच्या अटीवर जाणार असाल, तर दारात उभं राहण्यात गैर काही नाही.

या अटी त्यांना कुणी आयत्या दिलेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा सरकारने गुनांना «सुधारायचं» ठरवलं. बेटांवर पोलीस बसवले. बायकांनी नाकात नथ घालायची नाही, पायांना मण्यांचे पट्टे गुंडाळायचे नाहीत, आपली पोलकी घालायची नाहीत, असे हुकूम निघाले. जबरदस्तीने नाचाचे कार्यक्रम करवले. फेब्रुवारी १९२५ मध्ये नेले कांतुले आणि सिमराल कोलमन या म्होरक्यांच्या मागे गुना उठले आणि त्यांनी पोलिसांना बेटांवरून हाकललं. मार्चमध्ये अमेरिकेच्या क्लीव्हलँड या युद्धनौकेवर तह झाला. १९३८ मध्ये त्यांचा स्वतंत्र प्रदेश कायद्याने मान्य झाला, १९५३ च्या कायद्याने कारभाराची घडी बसली. आज गावोगावी सभाघर आहे. तिथे साहिला, म्हणजे गावचा प्रमुख, झुल्यात पडून जुन्या गोष्टी गाऊन सांगतो आणि अर्गार त्यांचा अर्थ लोकांना उलगडून सांगतो. सगळ्या गावांची मिळून काँग्रेस आहे. जमीन बाहेरच्याला विकत घेता येत नाही. हॉटेल काढता येत नाही. म्हणून त्या वाळूवर एकही पंचतारांकित रिसॉर्ट नाही. आहेत त्या बांबूसारख्या वेताच्या भिंतींच्या, झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या, आणि त्या गुना कुटुंबांच्याच आहेत.

तुम्ही फेब्रुवारीत जाताय म्हणून एक आधीच सांगून ठेवते. २५ फेब्रुवारीच्या आसपास गावांमध्ये त्या उठावाचा वर्धापन साजरा होतो, लढाईचे प्रसंग करून दाखवतात. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यावर स्वस्तिकासारखी आकृती दिसली तर दचकू नका, आणि «अरे, हे तर आपलं!» म्हणून पुढेही होऊ नका. १९२५ पासूनचा तो त्यांचा झेंडा आहे, त्या आकृतीची कथाही त्यांचीच. त्या काळात गावात असाल तर यजमानाला आधी विचारा. बाहेरच्यांनी बघितलेलं चालतं का, फोटो चालतात का? नाही म्हणाले तर आपल्या झोपडीत बसा.

बेटांकडे जायचं ते किनाऱ्यावरच्या कार्टी या ठिकाणाहून. तिथल्या धक्क्यावरून निघालात की गार्दी सुगदुब बेट लागतं. साधारण चारशे मीटर लांब आणि दीडशे मीटर रुंद, घराला घर लागून, भिंती थेट पाण्यापर्यंत. समुद्राची पातळी वाढत चालली, वादळी दिवसांत घरांत पाणी शिरू लागलं, माणसांना जागा पुरेना. शेवटी जून २०२४ मध्ये तिथली सुमारे तीनशे कुटुंबं किनाऱ्यावर बांधलेल्या इस्बेर्याला या नव्या वस्तीत गेली. काही जण मागेच राहिले. ज्यांच्या हातून हवामान फारसं बिघडलं नाही, त्यांना घर सोडावं लागलं, हे मला फार लागतं. तुमचा लाँचवाला सांगेलच, «ते बघा बुडणारं बेट.» तिथे अजून माणसं राहतात, चुली पेटतात. लांबून त्यांच्या अंगणावर कॅमेरा रोखू नका.

आता हजार डॉलरचा हिशोब. मी तुझ्या जागी असते तर असा केला असता. पनामा सिटीत दोन रात्री साध्या हॉस्टेलात. तिथून पहाटे फोर-व्हील ड्राइव्ह जीप निघते, तीन-एक तासांत डोंगर ओलांडून कार्टीला उतरवते. रस्ता चढ-उताराचा आहे, मळमळायची गोळी निघण्याआधी अर्धा तास घे. वाटेत गुनांच्या चौकीवर पासपोर्ट बघतात आणि प्रवेशाचे पैसे घेतात. जीप, चौकी, धक्का असे जाऊन-येऊन माणशी शंभर-सव्वाशे धर. मग तीन रात्री एका कुटुंबाच्या बेटावर. झोपडी, तीन वेळचं जेवण आणि रोज लाँचने एखाद्या बेटाची चक्कर मिळून माणशी रोजचे शंभराच्या आत बसतं. फेब्रुवारीत उघड्या लाँचमध्ये लाटा अंगावर येतात, म्हणून लांबच्या बेटांपेक्षा कार्टीपासून जवळच्या लिमोनेस बेटांमध्ये राहा. पासपोर्ट आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. शेवटचे दोन दिवस शिडाच्या बोटीवर, बेटांच्या आतल्या पाण्यात. त्याचे माणशी तीनशे-साडेतीनशे होतील. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी प्रवाळाचा कट्टा लाटा बाहेरच फोडतो आणि आतल्या बाजूला नांगर टाकलेली बोट फारशी हलत नाही. एकूण आठशेच्या आसपास. उरलेले दोनशे मोलांसाठी ठेव.

मोला म्हणजे गुना बायकांच्या पोलक्याचा पुढचा आणि मागचा भाग. दुरून बघितलं तर रंगीत भरतकाम वाटतं. तसं ते नसतं. दोन-तीन रंगांची कापडं एकावर एक ठेवून टाचतात, वरच्या कापडाला नक्षीच्या रेषेवर चीर देतात आणि चिरेची कड आत दुमडून इतक्या बारीक टाक्यांनी शिवतात की दोरा दिसत नाही. खालचा रंग त्या फटीतून वर येतो. बोट नांगरलेली असली की बायका कोरलेल्या होडक्यातून, ज्याला ते उलू म्हणतात, वल्हवत येतात. मोला ओल्या होऊ नयेत म्हणून झाकणाच्या प्लॅस्टिक बादलीत ठेवलेल्या असतात. माझ्यासमोर एका बाईंनी बादलीतून एक मोला काढली, आधी उलटी केली आणि मागची बाजू दाखवली. तिथे टाके बाजरीच्या दाण्याएवढे, सगळे एका मापाचे. मग सुलट करून रेषेवर माझं बोट फिरवायला लावलं. कुठे गाठ लागली नाही, कुठे कड निसटलेली नव्हती. घाईत केलेल्या मोलेत मोकळी जागा भरायला तेच तेच त्रिकोण ठोकून दिलेले असतात, रेषा कुठे जाड कुठे बारीक. चांगल्या मोलेला आठवडेच्या आठवडे जातात. कुणी अंगात घालून झालेल्या पोलक्यातून काढलेली मिळाली तर तीच घे. ती विकण्यासाठी केलेली नसते, स्वतःला घालायला केलेली असते. मागच्या आणि पुढच्या भागाची नक्षी सारखी दिसते, पण नीट बघ, कुठेतरी मुद्दाम फरक केलेला असतो.

आणि केतकी, मोलेचा भाव करू नकोस. तुळशीबागेत खुशाल कर. इथे पाच डॉलर खाली आणलेस तर ते थेट शिवणाऱ्या बाईच्या हातातून जातात, मध्ये दलाल नाही. ज्या पोलक्यावर बंदी आली म्हणून ही माणसं उठली होती, तेच हे कापड. २००० साली पनामात गुनांसारख्या मूळच्या लोकांच्या कलेवर त्यांचा सामूहिक हक्क मानणारा कायदा झाला, तो या मोलांच्या यंत्रावर काढलेल्या नकलांमुळेही. परवडत नसेल तर लहान तुकडा घे, पण सांगितलेल्या भावाला घे.

काटकसर कर, नक्की कर. पनामा सिटीत खोलीऐवजी डॉर्ममध्ये झोप, बाहेरच्या जेवणाऐवजी पोहे कर, टॅक्सीऐवजी मेट्रो घे. आपल्या सोयीतून वाचव. सुरक्षेतून वाचवू नकोस आणि गुनांच्या वाट्यातूनही नको.

नारळाचं सांगायलाच हवं. निर्मनुष्य बेटावर उतरलात, वाळूत नारळ पडलेला दिसला, तरी उचलू नका. तू आगरात वाढलीस, दुसऱ्याच्या वाडीत पडलेला नारळ कुणाचा हे तुला सांगायला नको. तिथेही प्रत्येक माडाला मालक आहे. कुटुंबं पाळीपाळीने बेटं राखतात आणि नारळ कोलंबियाहून येणाऱ्या व्यापारी बोटींना विकतात. फार जुनी गोष्ट नाही, बेटांवर नारळ चलनासारखा चालायचा. प्यायला हवा असेल तर राखणदाराकडून विकत घ्या, तो कोयत्याने फोडूनही देतो.

फोटो काढण्याआधी विचारा. बरेच जण एक डॉलर मागतात, तो द्या. सुट्ट्या एक-एक आणि पाच-पाचच्या नोटा भरपूर न्या. पनामात डॉलरच चालतो, पण बेटांवर शंभराची नोट कुणी मोडून देणार नाही आणि तुमच्या वाटेवर एटीएम नसेल. सभाघरात फोटो नाही. गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरायचं नाही. गुना यालामध्ये टाकी लावून डायव्हिंगला बंदी आहे आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तेव्हा नणंदेने तिचा ड्रोन घरीच ठेवावा. तारामासा पाण्याबाहेर काढून फोटो काढणारे लोक दिसतील. तुम्ही तसं करू नका, तो मरू शकतो. आणि कचरा बेटावर टाकू नका, «इथे डबा आहे» म्हटलं तरी नको. नेणारं कुणी नसतं. प्लॅस्टिक परत पनामा सिटीला घेऊन या.

जेवणाचं फारसं अडणार नाही, पण कंटाळा येईल. भात, तळलेल्या कच्च्या केळ्याचे चपटे काप, मसूर, कधी अंडं, काकडी-टोमॅटो. त्यांचं रोजचं कालवण मासे, नारळाचं दूध आणि केळ्यांचं, ते तुला चालणार नाही. ठरवतानाच «मासे-मांस अजिबात नाही» असं लिहून कळव आणि पुन्हा कार्टीला आठवण कर, कारण बाजार रोज होत नाही. सोबत बंद पाकिटातलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी ने. दोन्ही गरम भाताबरोबर छान लागतात. नणंद मासे खात असेल तर शेवंड मागताना हंगाम विचारावा. मार्चपासून तीन महिने ती धरायला बंदी असते. बंदीच्या काळात कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये.

पोहण्याचं. अजून हातात महिने आहेत, उद्याच तलावावर नाव घाल. चार लांब्या मारता याव्यात अशी माझी अपेक्षा नाही. नाकातोंडात पाणी गेलं तरी घाबरायचं नाही आणि पाठीवर तरंगता यायचं, एवढं आलं की पुरे. त्या जोरावर जाकीट घालून तू पेरो बेटाजवळचं बुडालेलं जहाज वरूनच बघू शकशील. ते उथळ पाण्यात आहे, मासे त्याच्या खिडक्यांतून आत-बाहेर करत असतात. लाँचमधून चढता-उतरताना मात्र जाकीट अंगात हवंच, कुणी हसलं तरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आधी वापरलेला असेल तर भारतीयांना पनामाचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही, पण अटी बदलतात. तिकीट काढण्याआधी पनामाच्या दूतावासाकडून लेखी खात्री कर. पिवळ्या तापाची लस पुण्या-मुंबईतल्या शासनमान्य केंद्रात घे, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेव. पनामा आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत दाखल्याशिवाय भारतात उतरलीस तर विलगीकरणात ठेवू शकतात. ही जिवंत लस असते, तेव्हा काही आजार किंवा औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोल. प्रवासाच्या विम्यात बोटीवरचा अपघात आणि दुर्गम जागेहून हलवण्याचा खर्च आहे का ते वाच. आणि त्या किनाऱ्यावरून अमली पदार्थांची ने-आण होते, तेव्हा कुणाचंही पुडकं «जरा पलीकडे पोचव» म्हणून घ्यायचं नाही, पाण्यात तरंगणाऱ्या पुडक्याला हात लावायचा नाही.

सासूबाईंना मी वेडं म्हणणार नाही. त्यांच्या मुलीला आणि सुनेला घेऊन एक अनोळखी माणूस रात्रीच्या समुद्रात जाणार, हे त्यांना सहन होत नाही, आणि त्यात त्या बरोबर आहेत. रात्रीचा समुद्र आता आपण काढूनच टाकलाय. त्यांना नवा बेत सांग. कुठल्या बेटावर कुठल्या तारखेला आहोत, यजमानांचा नंबर, बोटीचं नाव हे लिहून त्यांच्याजवळ ठेव. सिग्नल कधी असेल, कधी नसेल, म्हणून «रोज फोन करते» असं वचन देऊ नकोस. «अमुक दिवशी संध्याकाळी कार्टीला पोचले की करते» असं सांग आणि ते पाळ. शिवाय त्यांना हेही सांग, की तिथे लग्नानंतर मुलगा सासरी राहायला जातो, घर बायकोच्या आईचं असतं. माझा अंदाज आहे, त्यांना पुढचं ऐकावंसं वाटेल.

पत्राच्या कोपऱ्यात तू विचारलंस, मुलांसाठी चॉकलेटं, पेन न्यावेत का? नेऊ नका. आलेल्या प्रत्येक परक्यापुढे हात पसरायची सवय लागते आणि ती लावणारे आपणच असतो. काही द्यायचंच असेल तर यजमानांना विचारा, शाळेला काय लागतं, आणि ते मोठ्या माणसांच्या हातात द्या. उतरल्यावर «नुएदी» म्हणा, ते त्यांच्या भाषेतलं अभिवादन, बाकी तोडकं-मोडकं स्पॅनिश आणि हातवारे चालतील.

चारशे ऐंशीवाल्याला «नको» म्हणून कळव. मग दुसऱ्या कप्तानाला विचार, कार्टाहेना वगळून फक्त बेटांतले दोन दिवस किती घेशील, आणि वरचे चार प्रश्नही त्याच निरोपात घाल. तो काय उत्तर देतो ते मला लिहून पाठव. बोट पक्की करण्याआधी आपण ते एकदा मिळून वाचू.

तुझी,
ताई